शेड्यूल किती दिवसांनी बदलायचं?

जिममध्ये नव्या महिन्याची फी भरली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सर, शेड्यूल बदलून द्या ना." सरही देतात. बारबेलचा स्क्वॉट जाऊन लेग प्रेस येतो, बेंच प्रेसच्या जागी मशिनवरचा चेस्ट प्रेस, रोइंगच्या जागी पुलडाउन. दुसऱ्या दिवशी अंग सडकून दुखतं. कठड्याला धरून जिना उतरताना माणूस खूश असतो, की नवं शेड्यूल 'लागलं'. महिन्याभराने पुन्हा तोच प्रकार. मग वर्षाने त्याला विचारावं, गेल्या दिवाळीला किती वजनाचा स्क्वॉट मारत होतास आणि आज किती मारतोस? उत्तर येत नाही. कसं येणार? सलग तीन महिने स्क्वॉट झालेलाच नसतो.

मोठे, मुख्य व्यायाम किमान तीन महिने तेच ठेवावेत. वजन चढत असेल तर सहा महिने, वर्षभरही ठेवावेत. त्यांच्या जोडीचे छोटे व्यायाम सहा-आठ आठवड्यांनी बदलले तर बिघडत नाही. विविधता हवीच, पण ती आठवड्याच्या आत हवी, महिन्यागणिक नव्हे. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं: आठवडाभर छातीचे चार प्रकार, सगळे एकाच धाटणीचे, आणि महिना संपला की चारही बाद.

दर महिन्याला बदलण्याची ही कल्पना आली कुठून? शरीरसौष्ठवाच्या मासिकांचा अमेरिकी सम्राट जो वीडर याने 'मसल कन्फ्युजन' हे तत्त्व लोकप्रिय केलं. स्नायूला सवय लागू देऊ नका, त्याला सतत गोंधळात टाका, असं ते सांगतं. पुढे २००० नंतरच्या दशकात 'पी नाइन्टी एक्स' नावाच्या घरगुती व्यायामाच्या डीव्हीडी याच शब्दावर धडाक्याने खपल्या. आपल्याकडे त्याचं 'मसलला शॉक द्यायचा' झालं. यात अर्धं खरं आहे. स्नायूला सवय होते, यात शंका नाही, पण ती ओझ्याची होते. तेच वीस किलो वर्षभर तितक्याच वेळा उचललेत तर वाढायचं काही कारणच त्याला उरत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ओझं वाढवणं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डेलॉर्म हा अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या सुकलेल्या मांड्यांवर काम करत होता. पायाला लोखंडी बूट बांधायचा, गुडघा सरळ करायचा, आणि दर आठवड्याला पाहायचं की आता दहा वेळा किती वजन उचलता येतं. हालचाल तीच, वजन वाढतं. आजच्या सगळ्या वेट ट्रेनिंगचा पाया तिथे आहे.

नवा व्यायाम सुरू केला की पहिल्या तीन-चार आठवड्यांत आकडे भराभर चढतात. लेग प्रेसवर पहिल्या दिवशी ऐंशी किलो, महिन्याअखेर एकशे वीस. ही वाढ मुख्यतः मांडीत झालेली नसते. कोणता स्नायू कधी आवळायचा, कोणता सैल सोडायचा, जोर कुठून लावायचा, हे मेंदू आणि नसा शिकत असतात. १९७९ साली मोरिटानी आणि डीव्हरीज यांनी दंडाच्या स्नायूंवर केलेला अभ्यास या विषयात अजून आधाराला घेतला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांतली ताकद प्रामुख्याने नसांच्या शिकण्यामुळे वाढते आणि स्नायूच्या जाडीचा वाटा नंतर वाढत जातो, असं त्यातून दिसलं. म्हणजे शिकणं संपून स्नायूवर खरा ताण यायला लागतो, नेमका तेव्हाच आपला महिना भरतो आणि शेड्यूल बदलतं. पुन्हा नवी हालचाल, पुन्हा शिकणं, पुन्हा आकड्यांची तीच सुखद चढण. दर महिन्याला प्रगती होतेय असं वाटतं, आरशात मात्र तोच माणूस.

अंगदुखीचीही तीच फसवणूक. अनोळखी हालचाल केली, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणला गेला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो ठणकतो. तोच व्यायाम आठ-दहा दिवसांनी पुन्हा केला तर दुखणं निम्म्यावर येतं आणि पुढे जवळजवळ जातं, कारण स्नायूने त्या हालचालीपुरतं स्वतःला सावरून घेतलेलं असतं. दुखणं थांबलं याचा अर्थ व्यायाम 'लागत नाही' असा होत नाही. उलट आता वजन वाढवायला अंग मोकळं झालं, असा होतो. दुखण्यावरून वाढ मोजायची म्हटलं तर आयुष्यात कधी न पोहणारा माणूस विहिरीत तासभर हातपाय मारून आला की सर्वात बलवान ठरेल.

तर मग मोजायचं कशावरून? वहीवरून. दोनशे पानी वही आणि पेन, बस. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण दोन सेटच्या मध्ये फोन हातात घेतला की काय होतं हे तुम्हालाही ठाऊक आहे. प्रत्येक व्यायामासमोर वजन आणि तिन्ही सेटचे रेप्स लिहायचे. समजा स्क्वॉट पन्नास किलोवर आहे आणि ठरवलंय तीन सेट, प्रत्येकी आठ ते बारा. पहिल्या दिवशी लिहिलं: दहा, नऊ, आठ. पुढच्या वेळी दहा, दहा, नऊ. असं करत तिन्ही सेटमध्ये बारा आले की अडीच किलो वाढवायचे. मग आकडे पुन्हा नऊ-आठवर उतरतील, तिथून परत चढायचं. या पद्धतीने एकच स्क्वॉट सहा महिने सहज पुरतो आणि कंटाळाही वाटतो त्यापेक्षा कमी येतो, कारण दर वेळी मागच्या ओळीला एका रेपने हरवायचं असतं.

इथे एक बारीकशी गोष्ट आडवी येते. तिच्यापायी कित्येकांनी चांगले व्यायाम सोडलेले आहेत. बऱ्याच जिममध्ये सर्वात लहान प्लेट अडीच किलोची असते. बारच्या दोन्ही बाजूंना एकेक लावली की झाले पाच किलो. स्क्वॉटला ते एक वेळ चालून जातं. पण खांद्यासाठी उभ्याने डोक्यावर बार ढकलणारी मुलगी तीस किलोवर असेल तर तिच्यासाठी पुढची पायरी एकदम पस्तीसची, म्हणजे सहावा हिस्सा जास्त. तिला ती जमत नाही, दोन आठवडे धडपड होते, आणि मग निदान होतं की या व्यायामाचा 'प्लॅटो आला', शेड्यूल बदला. अडलेलं असतं फक्त सव्वा किलोच्या दोन प्लेटांपाशी. त्या विकत मिळतात, पिशवीत मावतात. मालकांना सांगून जिमसाठी मागवून घ्या, नाहीतर स्वतःच्या घ्या. साडेबत्तीस किलो झाले की गाडी पुन्हा चालू. बारचं वजनही एकदा खात्रीने विचारून घ्या. ऑलिंपिक बार वीस किलोचा असतो, पण जिममधला प्रत्येक बार ऑलिंपिक नसतो.

विविधता आठवड्याच्या आत का हवी, याचं उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत. त्यातले तीन फक्त गुडघ्यावरून जातात, चौथा मात्र खुब्यावरून निघून गुडघ्यापर्यंत येतो. स्क्वॉटमध्ये खाली बसताना खुबा आणि गुडघा एकदम दुमडतात, तेव्हा हा चौथा एका टोकाला आखडतो आणि दुसऱ्या टोकाला ताणला जातो. एकूण लांबी फारशी बदलत नाही, म्हणून स्क्वॉटने तो फारसा वाढत नाही. त्याला लेग एक्स्टेन्शन लागतं. मागच्या बाजूचंही तसंच. डेडलिफ्टने मागची मांडी भरते, पण तिथल्या एका स्नायूचा आखूड भाग फक्त गुडघाच वाकवतो, त्याला लेग कर्लशिवाय काम मिळत नाही. दंडाच्या मागच्या ट्रायसेप्सचा लांब भाग खांद्यावरून जातो. बेंच प्रेसने तो पुरेसा ताणला जात नाही, हात डोक्यावर नेऊन केलेलं एक्स्टेन्शन त्याला मानवतं. पोटऱ्यांना उभ्याने एक प्रकार आणि बसून एक प्रकार लागतो, तोही याच हिशोबाने.

२०१४ साली ब्राझीलमधल्या फोन्सेका आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासलं. बारा आठवडे काही जणांना पायांसाठी फक्त स्क्वॉट दिला, तर काहींना स्क्वॉट, लेग प्रेस, डेडलिफ्ट आणि लंज असे फिरवून दिले. मांडीची एकूण वाढ दोघांची सारखीच, पण वेगवेगळे व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीचे चारही स्नायू वाढले. एकच व्यायाम करणाऱ्यांचे काही स्नायू मागे राहिले. यावरून 'बघा, बदल हवाच' असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. तिथे बारा आठवडे मोजके चारच व्यायाम होते आणि तेच पुन्हा पुन्हा येत होते. रोज नवं काहीतरी नव्हतं.

आपल्या तालमींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या पैलवानाच्या जोर-बैठका वर्षानुवर्षं त्याच. बदलते ती संख्या. पोरगा पन्नास बैठकांनी सुरुवात करतो आणि वस्ताद त्याला शेकड्यांत नेतो. दर महिन्याला बैठकांच्या जागी दुसरं काही आणा, असं कुणी म्हणत नाही. पण एका दिवसात आखाड्याची माती उकरणं आहे, दोरावर चढणं आहे, मुद्गल फिरवणं आहे आणि शेवटी जोडीदाराबरोबरची लढत आहे. ढकलणं, ओढणं, वाकणं, पेलणं सगळं त्यात आलं. जिमच्या भाषेत सांगायचं तर आठवड्यात पाच गोष्टी झाल्या पाहिजेत: काहीतरी ढकलणं, काहीतरी ओढणं, गुडघ्यातून बसणं, कमरेतून वाकून उचलणं, आणि वजन घेऊन चालणं. प्रत्येकासाठी एक मुख्य व्यायाम निवडा आणि त्याला चिकटून राहा. चिरमुरे चघळल्यासारखे दहा मशिनवर दोन-दोन सेट करण्यात अर्थ नाही.

मग बदलायचं कधी? पहिलं कारण सांधा. बेंच प्रेसला खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचतंय, वजन कमी करून आणि फॉर्म सुधारूनही दोन आठवडे तसंच आहे, तर तिसरा आठवडा 'नो पेन नो गेन' म्हणत काढू नका. बार ठेवून डंबेल घ्या, तळवे समोरासमोर येतील असे धरा किंवा जमिनीवर झोपून प्रेस करा. तिथे कोपर एका मर्यादेखाली जातच नाही. स्नायूचं दुखणं पसरट असतं आणि दोन-तीन दिवसांत विरतं. सांध्याचं दुखणं बोटाने दाखवता येतं आणि त्याच हालचालीला पुन्हा पुन्हा येतं. हा फरक ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. व्यायाम बदलूनही ते राहिलं तर ट्रेनरला नव्हे, डॉक्टरला दाखवा.

दुसरं कारण खरोखरचा अडकलेला आकडा. एका आठवड्याचा नव्हे. सलग तीन-चार आठवडे वही एकाच जागी थांबली असेल, तर आधी झोप बघा, जेवणातली प्रथिनं बघा, ऑफिसात मार्चअखेर चालू आहे का ते बघा. मग एक आठवडा मुद्दाम हलका काढा, वजन निम्म्यावर आणा. अनेकदा त्यानेच गाडी सुटते. नाही सुटली तर रेप्सचा पट्टा बदला, आठ-बारा ऐवजी पाच-आठ करा. तेही झाल्यावर व्यायाम बदला. ही क्रमवारी उलटी करणाऱ्यांना दर वेळी वाटतं की व्यायामातच खोट होती, आणि मूळची अपुरी झोप नव्या व्यायामातही त्यांच्याबरोबर येते.

तिसरं कारण कंटाळा. याला मी हसणार नाही. २०१९ साली बाझ-वाये आणि सहकाऱ्यांनी सरावातल्या तरुणांना दोन गटांत विभागून आठ आठवडे व्यायाम करवला. एका गटाला ठरावीक व्यायाम होते, दुसऱ्याला दर वेळी ॲप निवडून देईल ते. स्नायूंची वाढ जवळपास सारखीच झाली, पण बदलत्या व्यायामांच्या गटाचा उत्साह जास्त टिकला. म्हणजे नुसत्या बदलाने स्नायू जास्त वाढत नाहीत, पण बदल मिळाला नाही म्हणून जिमच सुटणार असेल तर तो जरूर द्यावा. फक्त कुठे द्यायचा ते ठरवा. सत्राचा शेवटचा पाव तास मोकळा सोडा: बायसेप्स, पोटऱ्या, पोट, खांद्याच्या बाजू. तिथे रील बघून हवं ते करा, दर आठवड्याला नवं करा. पहिल्या पाऊण तासाला हात लावायचा नाही.

बदलताना त्याच घरातला व्यायाम आणायचा, हा नियम कसोशीने पाळा. बॅक स्क्वॉट काढला तर फ्रंट स्क्वॉट किंवा गॉब्लेट स्क्वॉट. सपाट बेंच काढला तर तिरका. नेहमीचा डेडलिफ्ट काढला तर रोमानियन. सगळं एकदम बदलू नका, एका वेळी एक, फार तर दोन. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि खांदा दुखायला लागला, तर दोष कुणाला द्यायचा? जुना व्यायाम तीन महिन्यांनी परत आणलात तर पहिल्या दोन आठवड्यांत आकडा खाली आलेला दिसेल. घाबरू नका. हात विसरलेला असतो, स्नायू नव्हे. तुलना तिसऱ्या आठवड्यात करा, आणि स्क्वॉटची स्क्वॉटशीच करा. मशिनच्या बाबतीत तर जिम बदलली की वहीत नवीन पान काढा, कारण पुलीची रचना बदलली की चाळीसचा आकडा तोच राहिला तरी ओढ तीच राहत नाही.

अनुभवाप्रमाणे हे हिशोब सैल-घट्ट होतात. पहिल्या वर्षातल्या माणसाला बदलाची गरज सर्वात कमी असते आणि बदलाची हौस सर्वात जास्त. त्याने पाच-सहा व्यायाम धरून सहा महिने काढावेत. चार-पाच वर्षं मुरलेल्याला मात्र एकाच हालचालीत वजन वाढवत नेणं सांध्यांना महाग पडतं, त्याने आठ ते बारा आठवड्यांनी मुख्य व्यायामाची भावंडं फिरवत राहावं. स्पर्धकांच्या जगात तर दोन्ही टोकं सापडतात. बल्गेरियाचा प्रशिक्षक इव्हान अबाजियेव्ह आपल्या वेटलिफ्टरांकडून स्नॅच, क्लीन अँड जर्क, स्क्वॉट असे मोजकेच प्रकार जवळपास रोज करून घ्यायचा. अमेरिकेच्या वेस्टसाइड बारबेलचा लुई सिमन्स जड दिवसाचा मुख्य व्यायाम एक ते तीन आठवड्यांत बदलायचा. दोघांनीही विजेते घडवले. पण सिमन्सचे लोक वर्षानुवर्षं मुरलेले पॉवरलिफ्टर होते आणि तेच ठरावीक प्रकार फिरून परत यायचे, त्यामुळे प्रत्येकाचा जुना आकडा नोंदलेला असायचा. त्याची नक्कल करणाऱ्या नवशिक्याकडे नोंदच नसते. आणि स्पर्धा ठरलेली असेल तर प्रश्नच मिटतो. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. त्याचे एकूण २४८ किलो होते आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. जिथे एका किलोचा हिशोब होतो तिथे जो प्रकार मंचावर करायचा तोच हातात बसवावा लागतो.

साठीच्या पुढच्यांनी बदल आणखी सावकाश करावेत. त्यांच्यासाठी ओळखीची हालचाल म्हणजे सुरक्षितता. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून केलेले जोर, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणं, हे महिनोन्महिने चालू द्या आणि संख्या किंवा वजन किंचित वाढवत राहा. बदलायचा वाव तोलाच्या व्यायामात ठेवा: आज एका पायावर उभं राहणं, उद्या रेषेवरून चालणं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद मिळून साधणारा व्यायाम सुचवते.

गणपती, दिवाळी, लग्नसराई यांत दोन-तीन आठवड्यांची सुट्टी पडतेच. परतल्यावर 'आता नव्याने सुरुवात' म्हणून नवं शेड्यूल घेण्याचा मोह होतो. तेव्हा तर जुनंच हवं. वही उघडा, शेवटच्या वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांनी सुरू करा, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत मूळ जागी याल.

आणि व्यायाम बदललाच, तर पहिल्या दिवशी दोनच सेट करा, तेही चार-पाच रेप्स शिल्लक ठेवून, आणि वहीत बदलाचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. दिवसही बघून निवडा. रविवारी राजगड चढायचा बेत असेल तर शुक्रवारी पायांचा नवा प्रकार सुरू करू नका. चढताना एक वेळ निभेल, पण दुखणं ऐन भरात येतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि गड उतरायचाही असतो.